फोटो आधी, शब्द मागून

४ मार्च

बाबांकडून फोटो आला. तिकडच्या घरातल्या माझ्या खोलीतला पलंग, त्यावर नवी चादर. खाली एक अक्षर नाही! घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, म्हणून मीच हे ॲप करून दिलं. फोटो काढायचा, सोबत चार शब्द लिहायचे, पाठवायचं. फोटो तेवढे येतात, शब्दांचा पत्ता नाही.

मी नेहमीसारखं 'छान' लिहून मोकळी झाले.

७ मार्च

आज टेबलावर दोन कप. पुन्हा मुकाट्याने. मी या नोकरीसाठी निघाले तेव्हा मात्र त्यांना पाटीवर ठसठशीत लिहिता आलं होतं — 'जायचं तर जा. परत येऊ नकोस.' आता काय हाताला मुंग्या आल्या? मीही त्यांचीच मुलगी. बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही.

ओट्याशी उभ्याउभ्याच जेवले. फार एकटं वाटतं.

८ मार्च

'छान' पाठवलं.

१२ मार्च

ऑफिसात टेस्टरने डोकं खाल्लं. ग्राहकांच्या नव्या ॲपवरून तक्रारीचा फोटो पोचतो, मजकूर पोचत नाही. मी म्हटलं, पाठवणाऱ्याचीच चूक असणार.

"अगं, ते पाठवतायत," ती म्हणाली. "तूच घेत नाहीयेस."

मला राग आला. उद्या दाखवतेच म्हणाले.

१३ मार्च

तिचंच खरं निघालं. एकाच खेपेत दोन भाग येतात — मजकूर आणि फोटो, मध्ये ते वेगळे करणारी खुणेची एक ओळ. माझा सर्व्हर फोटो हातात पडला की दार लावून घेतो. मजकूर आधी आला तर आत, मागून आला तर बाहेरच! चाचणी घेताना मी नेहमी आधी लिहायचे, मग फोटो जोडायचे. कोणी उलटं करेल हे डोक्यातच आलं नाही. मोठी शहाणी! दुरुस्त केलं, टेस्टरला कॉफी पाजली.

घरी येताना जिन्यातच पाय थबकले. बाबांच्या ॲपला हाच कोड चिकटवलाय. आणि बाबा आधी फोटोच काढतात — मग चष्मा शोधतात, मग लिहितात.

चोर सोडून संन्याशाला फाशी! सगळं उलथंपालथं करून शोधलं. न घेतलेला मजकूर कुठेच साठलेला नाही. तिथलीही चूक दुरुस्त केली. त्यांना विचारायचा मात्र धीर होत नाही. मुळात काही लिहिलंच नसेल तर?

१४ मार्च

काही आलं नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघितला.

१५ मार्च

फोटो आला. तोच पलंग, चादर काढलेली. आणि खाली शब्द —

'येतेस का विचारलं की तू नुसतं छान म्हणतेस. आता हे शेवटचं विचारतो.'

बॅग कुठे ठेवलीय, सापडत नाहीये.