तिसऱ्या खणात ठेवलेली डिस्क

आई,

आज तुझा आवाज मी पहिल्या खणातून काढून तिसऱ्या खणात ठेवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘आवाज काय डब्यात भरून ठेवायची गोष्ट हाय?’ आता आहे. बोईसरच्या घरात टीव्हीशेजारी चार खणांची एक काळी पेटी असते, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. घरातले फोटो, कागदपत्रं, सिनेमे सगळं तिच्यात साठवलेलं. इथल्या स्वयंपाकघरात तू लाल भोपळ्याचे गोड गोळे, आपले उंबर, तळत होतीस आणि मी मोबाइल ओट्यावर ठेवून तुला कृती सांगायला लावली होती, ते रेकॉर्डिंगही तिच्यातच. तो मोबाइल केव्हाच गेला. रेकॉर्डिंग दोन डिस्कवर होतं, म्हणून मी निर्धास्त होते. उन्हाळ्यात त्यातली एक बंद पडली. नवी घेऊ, घेऊ म्हणत राहिले, आणि गेल्या आठवड्यात उरलेलीही मधेच दिसेनाशी व्हायला लागली. नक्कल करायला घेतली की अर्ध्यावर डिस्क गायब.

दोष डिस्कमध्ये आहे की ती जिथे बसवली आहे त्या खणात, हे नुसतं बघून कळत नाही. त्याला एकच उपाय. पेटी बंद करायची, ही डिस्क दुसऱ्या खणात घालायची आणि तिच्या जागी तिथली चांगली डिस्क बसवायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. दोष डिस्कबरोबर गेला तर डिस्क खराब, जागेवरच राहिला तर खण खराब. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं हेच करत आले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर निष्कर्षाला अर्थ उरत नाही. तरी आज पेटी बंद करायला मी दोनदा गेले आणि दोनदा परत आले. डिस्क खराब निघाली असती तर तुझा आवाज संपला होता.

गावाहून, आपल्या माहीमहून, धाकटा भाऊ आला होता, वाडीतली विड्याची पानं आणि केळ्यांचा फणा घेऊन. मी खणांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, ते बघत उभा राहिला.

“ताई, सत्यनारायण घातलायस काय? उचल आणि लाव.”

“हात पुसलेस का?”

“सोवळ्यात हाय गं. तू चालू दे.”

पहिल्या खणातली डिस्क मी तिसऱ्यात घातली, आणि तिसऱ्यातली सिनेम्यांची डिस्क पहिल्यात. पेटी चालू केली. तुझी डिस्क पडद्यावर यायला वेळ लागला, पण आली. नक्कल सुरू झाली, अर्ध्याच्या पुढे गेली, पूर्ण झाली. आणि तेवढ्यात पहिल्या खणातली सिनेम्यांची धडधाकट डिस्क दिसेनाशी झाली. ती काढून बॅटरीच्या उजेडात मी आत पाहिलं, तर त्या खणाच्या पितळी पट्ट्या काळ्या पडलेल्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कारखाने. तुझी समई इथे आठवड्याभरात काळवंडायची आणि तू चिंचेने घासता घासता म्हणायचीस, “तुमच्या हवेत पितळबी टिकत नाय.”

धाकटा हसून म्हणाला, “म्हणजे डिस्कला कायच झालेलं नाय. जागाच वाईट.” मग त्याचं हसू विरलं. मी त्या खणावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली.

तुला इकडे आणलं त्याच्या आदला दिवस मला दिसतो. माहीमच्या पडवीत तू पानांचे विडे बांधत बसली आहेस, मधेच खोकतेस. मी म्हणते, चल माझ्याकडे, तिथे डॉक्टर जवळ आहेत. तू मान वर करत नाहीस. “येल म्हातारी झाली म्हणून कोन हलवत नाय. खाली उतरवतात, तिच्याच मातीत गुंडाळून ठेवतात. ती फुटते परत.” धाकटा विचारतो, “तू काय पानवेल हायस?” “असते तर बरं झालं असतं. तिला कोन दवाखान्यात नेत नाय.” आपण तिघंही हसतो. दुसऱ्या दिवशी मी गाडी आणते.

त्या एका दिवसात तुझं घर बदललं, डॉक्टर बदलला, औषधं बदलली, पाणी, झोपायची दिशा, शेजारणी, सगळं. तू खंगत गेलीस. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच जातो. खरंही असेल. माणूस म्हणजे डिस्क नव्हे, हे मला कळतं, आणि माहीमला राहिली असतीस तर कदाचित आणखी लवकर गेली असतीस, हेही मी स्वतःला सांगते. पण ते ‘कदाचित’ मला पुसता येत नाही. तू म्हणायचीस, “वाडीवर सोड गं चार दिवस.” मी म्हणायचे, थंडी ओसरू दे. तुला आम्ही इकडे आणलं, परत तिकडे नेऊन पाहिलंच नाही. माझ्या प्रयोगशाळेत असली अर्धवट चाचणी मी कुणाची स्वीकारली नसती.

जाताना धाकट्याने रेकॉर्डिंगची एक नक्कल मागून घेतली. दारात चपला घालता घालता म्हणाला, “एकदा तुझ्याबरोबर ऐकायचं होतं.” मी म्हटलं, पुढच्या खेपेला. उंबर तळून झाल्यावर त्यात तू काय बोलतेस ते मला पाठ आहे. गॅस बंद होतो आणि तू म्हणतेस, “झालं. आता कधी सोडतेस मला?” तू गेल्यापासून मी ते एकदाही लावलेलं नाही.

धाकट्याला सांगितलं नाही ते तुला सांगते. पेटी चालू केल्यावर तुझी डिस्क बराच वेळ आलीच नाही. तेवढ्या वेळात मी घाबरले होते, हे खरं. पण त्याच्या आत कुठेतरी मला सुटल्यासारखंही वाटलं. डिस्क दिसली तेव्हा धाकट्याने टाळी वाजवली. माझे डोळे भरून आले, आणि ते आनंदाने आले असं त्याला वाटू दिलं.