भावोजींनी बुजवलेली भोकं

होडी-संग्रहालय, मंगळवार, जेवायला न जाता

आदरणीय ओडमुंड भावोजी यांना बोर्गहिल्डचा नमस्कार.

आपली पाठ बरी असेल, डोंगरावरच्या खोपटात चूल नीट पेटत असेल आणि फोन मुद्दाम घरी ठेवून गेल्याचा आनंद अजून टिकून असेल, अशी आशा करते. आमच्याकडचं विचाराल, तर माझा रक्तदाब वाढलाय आणि त्याचं कारण आपण आहात. ताई ठीक आहे. आपलं नाव निघालं की फक्त भांडी आदळते.

शनिवारी संग्रहालयात वसंतातलं श्रमदान झालं. श्रमदानाला आलेल्या माणसाला बोलायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा राज्यघटनेपेक्षा कडक (माणूस फुकट राबतो, वर वॉफलचं पीठही घरून आणतो, त्याला काय बोलणार?). म्हणून आपण शिडीवर चढलात तेव्हा मी खालून फक्त "सावकाश हं" एवढंच म्हटलं. रंगवायला सांगितल्या होत्या छताच्या तुळया. त्यांच्या कडेनं गेलेली पांढरी नळी आपण स्वतःच्या मनाने घेतलीत. तिला जागोजागी बारीक भोकं दिसली, आणि जन्मभर होड्या बांधलेल्या माणसाला भोक दिसल्यावर जे व्हायचं तेच झालं. एकेका भोकात लांबी (पुट्टी) भरलीत, घासलीत, वरून रंगाचा हात दिलात. खाली येऊन म्हणालात, "वरती कीड लागली होती. केली बंद सगळी." मला वाटलं तुळईला. मी आभार मानले. वॉफलवर चीजचा जास्तीचा तुकडा ठेवला. तो आता परत हवाय.

भावोजी, प्लास्टिकला कीड लागत नाही. त्या नाकपुड्या होत्या. एवढ्या उंच दालनात धूर छतापर्यंत पोचायच्या आधीच थंड होऊन मधेच पसरतो. छताला साधं यंत्र लावलं तर त्याला कळेपर्यंत खाली कोळसे उरतील. म्हणून ही नळी. तिच्या टोकाला, इथल्या माझ्या कार्यालयात, एक पेटी आहे. पेटीतला पंखा अखंड त्या भोकांतून दालनातली हवा ओढतो, त्या हवेवर प्रकाशाचा झोत पडतो, आणि हवेत डोळ्यांना न दिसणारे धुराचे कण असले तरी प्रकाश विखुरतो आणि पेटी बोंब मारते. भोकंही कशीतरी पाडलेली नाहीत. पेटीजवळची लहान, लांबची जरा मोठी, म्हणजे सगळी सारखा श्वास घेतात. (हे मी आपल्याला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आपण तेव्हा मासा सोलत होतात.)

सोमवारी सकाळी पाहते तर पेटीवर पिवळा दिवा: श्वास अडकलाय. अग्निशमन दलाच्या आस्लाउगबाई तपासायला आल्या, लांबच्या टोकाला धुराची कांडी पेटवली, आणि आम्ही दोघी पेटीसमोर उभ्या राहिलो. पेटी मख्ख. बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, नळी मोकळी होईपर्यंत दालनात पाहुणे नकोत. मी म्हटलं, येत्या शनिवारी माझ्या भाचीचं, इंगविल्डचं लग्न आहे, इथेच, तिच्या पणजोबांनी बांधलेल्या नावेशेजारी. "होड्यांना डांबर फासलंय, बोर्गहिल्ड," त्या म्हणाल्या. "पेटल्या तर वऱ्हाड कुठल्या दारानं काढणार आहेस?" मी शिडी आणायला गेले, जाताना आपलं नाव घेत.

कालपासून मी शिडीवर आहे. टॉर्च मारला, बोट फिरवलं, एक भोक सापडेल तर शपथ. इतकं सफाईदार काम आपण घरच्या गळक्या छपराला का केलं नाहीत, हा ताईचा प्रश्न आहे, माझा नाही. शेजारी नवी भोकं पाडावीत तर सगळं माप बिघडतं. शहरातला तंत्रज्ञ म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात बघायला काय बारसं आहे?

आणि आपण डोंगरावर का जाऊन बसलात तेही बोलू. श्रमदानाच्या रात्री जेवताना इंगविल्डशी लग्न ठरलेल्या त्या गरीब स्वीडिश पोरानं आपल्या आजोबांच्या नावेला "गोड होडकं" म्हटलं. आपण काटा खाली ठेवलात, "लग्नाला जमलं तर येईन" म्हणालात, आणि सकाळी गायब. भावोजी, त्याला नाव कळत नाही, आपल्याला नळी कळत नाही. पण त्यानं निदान नावेला हात लावला नाही.

आपली (संतापलेली) मेहुणी,
बोर्गहिल्ड

ता. क. पत्र शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून पाठवतेय. त्याच ट्रॅक्टरवर बसून उद्या खाली या. भोकं कुठे आहेत ते फक्त आपल्या बोटांना ठाऊक. माफी नंतर मागितलीत तरी चालेल.

ता. क. २. गुरुवार. ट्रॅक्टर चिखलात रुतला, पत्र माझ्याकडेच राहिलं. दरम्यान आपला होणारा जावई काल दिवसभर शिडीवर होता, हातात नळीचा नकाशा आणि ताईचा केस वाळवायचा पंखा. मापं घेऊन, रंग मऊ करून त्यानं एकेक भोक मोकळं केलं. संध्याकाळी कांडी पेटवली तर पेटी अशी किंचाळली की आस्लाउगबाईंनी कानांवर हात ठेवूनच परवानगी दिली. वरचा राग खोडत नाही, मेहनतीनं लिहिलाय. पण भोकांसाठी आता आपली गरज नाही. लग्नासाठी आहे. आपण आला नाहीत तर दालनात पाऊल टाकणार नाही, असं इंगविल्डनं सांगितलंय, आणि ती आपलीच मुलगी आहे.

हे पत्र घेऊन तोच पोरगा चालत वर आलाय. आपण वाचत असाल तेव्हा तो दाराबाहेर उभा असेल. त्याला आत घ्या, वरती अजून बर्फ आहे.