वजन खाली ठेवताना

प्रिय ताड्या,

ठण्ण. आणि किंचित मागून दुसरा, ठण्ण. जुन्या व्यायामशाळेतला तो जोडआवाज परवापासून कानातून जात नाही. पत्र्याचं छप्पर, कडा उकललेल्या रबरी चटया, खिडकीतून दिसणारी मैदानाची ओली कड. हंगामाला अवकाश असायचा, चेंडू कपाटात कुलूपबंद आणि तुम्ही बेसबॉलवाले माझ्या ताब्यात. तुम्हाला हात चालवायचे असत, मी खांद्यावर वजनाचा बार देऊन बैठका काढायला लावायचो. फेकीचा जोर मांड्यांतून आणि पाठीतून येतो, हे तुम्हाला पटेपर्यंत निम्मा हिवाळा सरायचा.

त्यात माझं भुजंगप्रयाताचं वेड. वजन एका दमात वर न्यायचं, खाली आणताना मात्र लगागा लगागा लगागा लगागा, अख्खी ओळ संपेपर्यंत. चेंडू सुटल्यावर हाताला आवर घालणारे स्नायू वजन उतरवतानाच घडतात, असं मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो. ते खरंच होतं. पण शाळेतल्या कवितेच्या तासाला पुन्हा जाऊन बसायची माझी हौसही त्यात भागायची. तुमचा कॅचर शेवटचा ‘गा’ इतका लांबवायचा, की बाकीच्यांचे हसून हात लटपटायचे. सर आपल्याला मैदानावर नाही, पाठांतर स्पर्धेला पाठवणार आहेत, असं तू माझ्या पाठीमागे म्हणायचास. मला ऐकू यायचं.

ऐकण्यावरच तर माझं सगळं चालायचं. बार जमिनीला टेकताना दोन्ही टोकांचा आवाज एकच आला पाहिजे, एवढा एक नियम मी कधी सैल केला नाही. म्हणून तुझे ते दोन ठण्ण मला लगेच कळले. उजवा खांदा दुखत होता आणि तू कुणाला पत्ता लागू दिला नव्हतास. मी प्रशिक्षकांच्या कानावर घातलं, तुला सुरुवातीच्या सामन्यांना बाहेर बसवलं गेलं, आणि तो अख्खा हंगाम मी दिसलो की तू रस्ता बदलायचास. त्यानंतर कितीतरी वर्षं खेळलास. त्या गोष्टीवर आपण कधी बोललो नाही, तेही बरंच झालं.

इकडे सगळं ठीक. व्यायामशाळेच्या जागी आता गाड्या धुतात. साबणाचं पाणी जुन्याच उतारावरून वाहतं. गुडघे कुरकुरतात, पण माझं ऐकतात. तो बार मी घरी आणून ठेवला आहे. तू आता शिकवतोस त्या संघातली माझी नात सुटीच्या दिवशी येऊन मागच्या खोलीत त्यावर सराव करते आणि मी शेजारी खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो. वजन उतरवताना तिचे ओठ हलतात. मोठ्याने म्हणायची तिला लाज वाटते. पहिल्या सामन्यात चेंडू फेकायला, पिचर म्हणून, तू तिला निवडलंस, हे तिने मला दारातूनच सांगितलं होतं, चपला काढायच्या आधी.

परवा तिने बार खाली ठेवला आणि दोन आवाज आले. मी पुस्तकातून मान वर केली नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यासाठी हे पत्र. फोनवर तू ‘बघतो सर’ म्हणून ठेवून देशील. लिहिलेलं तुला दोनदा वाचावं लागेल. तिला पहिल्या सामन्यात उतरवू नकोस. आधी खांदा दाखवून घे. कुणी सांगितलं म्हणून तिने विचारलं, तर माझं नाव बिनदिक्कत सांग. आजोबांशी बोलायची नाही, तर न बोलो. त्याची सवय मला तूच लावून ठेवली आहेस.

तुझाच,
लगागा सर

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि दार वाजलं. ही तर तुझ्याकडच्या सरावाची वेळ, आणि दारात नात उभी. बॅग नेहमीच्या उजव्या खांद्यावर नव्हती, डाव्या हातात होती. ती तिने आवाज न करता खाली ठेवली.

“आजोबा, परवा तुम्ही ऐकलंत ना?” म्हणाली. “सरांना मीच सांगते. तुम्ही फक्त सोबत चला.”