दोन बाह्या माझ्याकडे

६ जानेवारी, मंगळवार

दातवाला जाणार. कायमचा. मुलीकडे, बर्फाच्या देशात. पाचवीपासूनचा मित्र, पेशाने दंतवैद्य, आणि बातमी सांगितली कशी, तर बाकावर बसल्याबसल्या, चष्मा पुसत. मी म्हटलं, जा. रोज संध्याकाळी त्या बाकावर याच्याशी वाद घालण्यात माझी पन्नास वर्षं फुकट गेली. आता वेळच वेळ. मला काहीही वाटलेलं नाही.

७ जानेवारी

मला खरंच काही वाटलेलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. सायं. ६

विणकाम मंडळात गेलो. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी जमणारी तीन डोकी: आमची ही, पोस्टातून रिटायर झालेल्या बाई आणि एक कंपाउंडर. दातवाल्याला गुपचूप स्वेटर द्यायचं ठरलंय. बाई चरख्यावर लोकर कातणार, कंपाउंडर पाठ विणणार, ही पुढचा भाग. मी जाहीर केलं, बाह्या माझ्याकडे. दोन्ही.

खोलीत शांतता पसरली. आदराची असावी.

कंपाउंडरने विचारलं, याआधी कधी विणलंय का. म्हटलं, तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, अख्ख्या कारखान्यांचे नकाशे काढलेत. बाही म्हणजे काय, एक नळी. मग बाई म्हणाल्या, आधी सगळ्यांनी वीस टाक्यांचा नमुना विणून आणा. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल, ते मापून मग टाके ठरवायचे. भित्र्या लोकांची कामं. कंपाउंडर तर खिशातून टेप काढून तयारच बसला होता. औषधं मोजून मोजून त्याचा जन्म गेला, दुसरं काय येणार.

मी नमुना विणणार नाही.

१५ जानेवारी

बाईंची लोकर आली. करडी. इकडून तिकडे एकसारखी, जीव नसलेली. मशीनने कातली असती तरी हेच झालं असतं. मी स्वतः कातणार. टकळी आणि कच्ची लोकर बाईंकडूनच मागून घेतली. त्यांनी दिली, पण चेहरा पार्सलवर पत्ता नसल्यासारखा केला.

१६ जानेवारी

टकळी पायावर पडली. चार वेळा. वजन चुकीचं आहे तिचं.

१९ जानेवारी

सूत जमलं. कुठे दोऱ्यासारखं, कुठे करंगळीएवढं. यालाच टेक्श्चर म्हणतात. हिला दाखवलं. ती म्हणाली, हं. तीस वर्षांच्या संसारात कौतुक कसं करावं हे या बाईला शिकता आलं नाही.

२ फेब्रुवारी

पहिली बाही सुरू. माप घेतलं नाही. गरजच काय? पन्नास वर्षं तो हात माझ्या नाकासमोर हलवून बोलतोय. त्याची लांबी मला पाठ आहे.

आज बाकावर त्याने व्हिसा आल्याचं सांगितलं. मी त्याला सांगितलं की तिथे दोन महिन्यांत कंटाळशील, बर्फात कोण बोलणार तुझ्याशी. तो चष्मा पुसू लागला. वादात मी जिंकलो. घरी येऊन आठ ओळी विणल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली बाही पूर्ण. एकाहत्तर सेंटिमीटर. थोडी उदार झाली आहे. मंडळात दाखवली नाही. त्यांच्या पाठी-पोटांपुढे फार उठून दिसली असती. कंपाउंडरने पाठ आणली होती, एक टाका इकडचा तिकडे नाही. अशी माणसं आयुष्यात काहीच नवीन करत नाहीत.

हीसुद्धा घरी करड्या लोकरीचं काहीतरी लांबट विणत असते. पुढचा भाग तर केव्हाच झाला. विचारलं, तर म्हणाली, भाचीसाठी आहे, तुम्ही तुमचं बघा.

२३ फेब्रुवारी

तिकीट काढलं त्याने. नऊ मार्च. मला विचारलंसुद्धा नाही. विचारायचं कारण नाही, हे मान्य. पण विचारलं नाही. रागाच्या भरात आज दुसऱ्या बाहीचा निम्मा भाग उरकला. रागात माझा स्पीड उत्तम असतो.

३ मार्च, मंगळवार

दुसरी बाही पूर्ण. अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. आणि इतकी घट्ट की माझा हात मनगटाशी अडकला. हिने साबण लावून सोडवला. हसली नाही. ते जास्त लागलं.

मंडळात कंपाउंडरला सहज विचारल्यासारखं विचारलं, की लांब झालेली लोकर आखूड कशी करतात. तो घाबरून म्हणाला, गरम पाण्यात मात्र घालू नका हं, आटते. त्याने सावध करायला सांगितलं, मी उपाय म्हणून वहीत टिपून घेतलं. ज्ञान असून वापरता येत नाही, हीच या माणसाची शोकांतिका.

५ मार्च. दु. ३

मोठी बाही उकळत्या पाण्यात. तेवीस सेंटिमीटर आटवायची. साधं गणित.

दु. ३.४०

एकोणीस सेंटिमीटर उरली.

दु. ४

जाड झाली. टेबलावर उभी राहते. आधाराशिवाय.

६ मार्च

दोन्ही बाह्या वर्तमानपत्रात गुंडाळून हिच्या हातात दिल्या. म्हटलं, जोडून टाक, उघडून बघू नकोस, सरप्राइज आहे. ती बरं म्हणाली. फार लगेच म्हणाली.

८ मार्च, रविवार

निरोपाचा चहा. कोपऱ्यात दाराजवळ उभा राहिलो. बाईंनी पुडकं उघडलं. स्वेटरला बाह्या होत्या. दोन. सारख्या. बाईंच्या करड्या लोकरीच्या.

त्याने घातला. मनगटावर बरोब्बर बसला. सगळ्यांसमोर मला मिठी मारून म्हणाला, बाह्या तुझ्या म्हणे! माप न घेता? मी म्हटलं, पन्नास वर्षं बघतोय तो हात. कंपाउंडर छताकडे बघत होता. बाई कपातली साखर ढवळत होत्या, साखर नव्हती तरी. ही माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघवलं नाही.

भाचीला लांबट काही विणत नव्हती तर. तिने केव्हा सुरुवात केली, हे जुन्या पानांवरून काढता येईल. काढणार नाही.

९ मार्च

गेला. पोचवायला गेलो नाही, पाय दुखत होता.

पाय दुखत नव्हता.

२३ मार्च. सायं. ५

त्याचा फोन. तिथे बर्फ आहे, बोलायला कोणी नाही, मी म्हटलं होतं तसंच. वाद जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

म्हणाला, रोज स्वेटर घालतो, वहिनींना सांग, बाह्या अगदी मापात आहेत. मी विचारलं, वहिनींना का? म्हणाला, अरे, तू विणल्या असत्यास तर मी ओळखलं नसतं का? ती तुझी उभी राहणारी वस्तू वहिनींनी बॅगेत घातली होती. चष्मा ठेवतो तिच्यात. उशाशी असते. पडली तरी काच फुटत नाही.

मी म्हटलं, ते टेक्श्चर आहे. तो हसला. फोन त्यानंतरही बराच वेळ चालूच होता.

२४ मार्च, मंगळवार

मंडळात गेलो. तिथे थंडी फार, त्याला हातमोजे हवेत. मी करतो म्हटलं. बाईंनी त्यांची लोकर पुढे केली, कंपाउंडरने टेप.

नमुना विणला. वीस टाके घातले होते. मोजले, सतरा भरले.