दाक्तरची भूल

माय, तो दाक्तरचा शिनेमा पुन्हा आला आहे. इथे धुळ्यात, पांझरेच्या काठी, एकवीरेच्या जत्रेत तंबू लागला आहे. आता सगळ्यांना बोलपट लागतात, बघून आले की आठवडाभर घरात तीच गाणी चालतात. मुके शिनेमे उरलेत ते जत्रेपुरते. तंबूच्या तोंडाशी कापडावर तोच दाक्तर रंगवलेला, हातात सुरी, खाली टेबलावर पांढरी चादर पांघरलेली बाई. देवीला नारळ फोडून मी परत येत होते. ते चित्र दिसलं आणि पाय तिथेच थांबले, वाटीतलं नारळाचं पाणी पातळावर सांडलं तेही कळलं नाही. पहिलं मनात आलं, मायला सांगितलं पाहिजे. तू नाहीस हे त्यानंतर आठवलं. इतकी वर्षं झाली, तरी माझ्या डोक्यात हा क्रम उलटाच आहे.

तेव्हा मी धुळ्याहून जळगावला माहेरपणाला आलेली. तुझ्या पोटातली गाठ तू एक अख्खा कापसाचा हंगाम लुगड्याखाली लपवलीस, आणि कळलं तेव्हा आबांनी आधी आरडाओरडा केला, मग काढे आणले, मग तुला आगगाडीत घालून इथे धुळ्याच्या मोठ्या दाक्तरकडे आणलं. दाक्तर म्हणाले, भूल देऊन कापावी लागेल, उशीर करू नका. आबा जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलून घेणारे, साहेबासमोर मान हलवायची सवय झालेली, ते लगेच हो म्हणाले. तू म्हणालीस, "दखसू," बघू म्हणून टाळलंस. आणि घरी येऊन पऱ्हाटीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला बसलीस. मला अजून दिसतं ते. तू वांगी फिरवते आहेस, आबा उंबऱ्यात उभे राहून "कधी जायचं ते सांग" म्हणताहेत, आणि तू वांग्यालाच विचारल्यासारखी त्याला बोटाने दाबून बघते आहेस. त्याच आठवड्यात जिनामागच्या मैदानात तंबू आला, आणि तू सोडून आम्ही सगळ्या पहिल्याच खेळाला गेलो.

शिनेमात होतं तरी काय, हे तुला मी त्या वेळी जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा जरा वेगळं सांगितलं असेन. एक मोठा दाक्तर असतो. मेलेल्या माणसाला उठवायचं औषध शोधायचं वेड त्याच्या डोक्यात शिरतं. पण औषध लागू पडतं की नाही ते कळायला आधी माणूस मरायला हवा. मग ताप आला, हात मोडला म्हणून आलेल्या साध्या माणसांना तो तळघरात नेतो, तोंडावर कापड धरतो आणि भूल देतो. माणसं पायऱ्या उतरताना दिसतात, चढताना दिसत नाहीत. शेवटी येते ती बाई. पोट दुखतं म्हणून आलेली. नेमकं पोटच का दुखायला हवं होतं तिचं, मला आजवर त्या शिनेमावाल्याचा राग आहे. दाक्तर सुरी उचलतो आणि पडद्यावर पाटी येते. पाट्या गुजराथीत असायच्या, खाली हिंदीत, आणि एक खाकरणारा गृहस्थ त्या मोठ्याने वाचून दाखवायचा. तो ओरडला, "दाक्तरची भूल!" आणि तिथेच फीत तुटली. शिट्ट्या झाल्या, दगड पडले. जोडून पुन्हा लावली तोवर खेळ संपल्याची पाटी आलेली. दर खेळाला ती फीत तिथेच कुठेतरी तुटायची, पण दर वेळी जरा पुढे नाहीतर मागे. त्यामुळे गावात जितके खेळ झाले तितके शेवट झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तुझ्या स्वयंपाकघरात कचेरी भरली. शेजारची मारवाडी शेठाणी आधी आली. तिला गुजराथी पाटी स्वतःला वाचता आली होती, तो तोरा होताच. म्हणाली, "डागदर सूं भूल हुयगी. बाई मरगी." भूल म्हणजे चूक, बस, पुढे काय विचारायचं. फैजपूरची केळीवाली, जी खेळ बघायला म्हणून नात्यात मुक्कामाला आलेली, ती हसायला लागली. "चूक कशाची? भूल म्हन्जे भुलीचं औषध. बाई निजेल व्हती. मी तिचा हात हालताना पाह्यला." शेठाणीने तो हात पाहिला नव्हता. फैजपूरवालीने सुरी खाली येताना पाहिली नव्हती. तेवढ्यात पिंपळनेरहून तुझी खबर घ्यायला आलेली मावशी तिसरंच घेऊन बसली. तिच्या मते भूल पडली होती ती दाक्तरला. रानात माणसाला भूल पडते आणि तो एकाच झाडाभोवती फिरत राहतो, तशी. "त्याना आंगमा काहीतरी शिरेल व्हतं. तो काय करी राहिना ते त्यालेच कयेना." एक शब्द, आणि तीन बायका तीन शिनेमे बघून आलेल्या. मी चहा गाळत होते आणि मला तिघींचंही पटत होतं.

तू सगळ्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस. "बठ्ठा लोके अलगअलग सांगतस. ती बाई उठनी का नही, येवढंच माले सांगा." दारावर येणाऱ्या भाजीवालीला विचारलंस, बांगड्या भरणाऱ्या कासाराला विचारलंस. तू जमवत होतीस ती मतं शिनेमाची नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. सगळे गेल्यावर माझ्याकडे वळलीस. "तू शिकेल शे ना? तू सांग. उठनी का ती?" मी शहाणपणा सुरू केला. हे सगळं नाटक असतं, ती सुरी पत्र्याची असते, रक्त म्हणून काहीतरी रंग लावतात, पडद्यावर नुसता उजेड पडतो. तू भाकरी थापता थापता थांबलीस. "मी काय इचारं आन तू काय सांगी राहिनी? शिनेमा खोटा शे, माले कयस. पन भूल खरी शे ना?" माहीत नाही म्हटलं. फीत तुटली म्हटलं. "मंग तू तठे काय दखं?" असं म्हणून तू भाकरी तव्यावर टाकलीस. रागावली नव्हतीस. मीच रागावले होते, तुझ्यावर, शेठाणीवर, त्या खाकरणाऱ्या माणसावर, कारण गाठ वाढत होती आणि माझी माय एका तुटलेल्या फितीपाशी अडकून बसली होती.

आबांना मी बाजूला घेऊन विचारलं की हिचं काय करायचं. ते म्हणाले, शिनेमे बघतात ती माणसं रिकामटेकडी. त्यांनी तुला नुसतं दाखवायला म्हणून पुन्हा धुळ्याला न्यायचं ठरवलं. चाळीसगावला गाडी बदलताना तू फलाटावर एका अनोळखी बाईलासुद्धा विचारून घेतलंस. तिने शिनेमा पाहिला होता. ती म्हणाली, मला तर वाटलं ती बाई आधीपासूनच मेलेली. तू मान हलवलीस आणि तिला आपल्या पुरचुंडीतले शेंगदाणे दिलेस.

दाक्तरांच्या खोलीत बाकावर बसल्याबसल्या तू विचारलंस, "दाक्तरसायेब, तुमनी भूल कोनती?" मी आणि आबा दोघंही खाली बघायला लागलो. दाक्तरांनी चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "क्लोरोफॉर्म." तू जरा विचार केलास. "तो दाक्तरना शिनेमा तुम्ही दखा का?" "कुठला शिनेमा? मला वेळ कुठे असतो, बाई." तू लगेच उठलीस, पदर सारखा केलास आणि मला म्हणालीस, "तुना आबाले सांग, कवय बी कापा." बाहेर आल्यावर मी विचारलं, असं एकदम 'कधीही कापा' कसं काय? तू म्हणालीस, "त्यानी काहीच दखेल नही. बरं शे." सगळ्या खानदेशात ज्याचं त्या शिनेमाबद्दल काही मत नाही असा एकच माणूस तुला सापडला होता, आणि त्याच्या हातात तू पोट दिलंस. हे धाडस होतं की वेडेपणा, मी कितीदा विचार केला आहे. अजून ठरत नाही.

तुला आत नेलं तेव्हा मी आणि आबा ओसरीवर. आबा पायातला जोडा काढत होते, घालत होते. मग मध्येच म्हणाले, "मी पण पाहिला तो." मला कळेना. "काय?" "शिनेमा. जिनातून परस्पर गेलो होतो." माझे आबा, रिकामटेकड्यांच्या मेळाव्यात! मला हसू यायला हवं होतं, पण तू विचारायचीस तेच मलाही विचारावंसं वाटलं. "मग? उठते का ती?" त्यांनी जोडा खाली ठेवला. "सुरी वर गेली तसा मी बाहेर आलो." आतून औषधाचा गोडसर वास येत होता आणि दार उघडलं की आम्ही दोघं उभे राहत होतो, दार मिटलं की बसत होतो.

तू बाहेर आलीस ती पांढऱ्या चादरीखाली. तोंड पिवळं. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला पडदा दिसत होता. मग तुला ओकारी झाली, तू डोळे उघडलेस, आणि तुझा पहिला शब्द होता, "उठनी." मी विचारलं, कोण? "ती. शिनेमावाली." आणि पाणी मागितलंस. पाणी द्यायचं नाही म्हणून नर्सने बजावलं होतं. मी ओला बोळा तुझ्या ओठांना लावत राहिले आणि रडत राहिले.

घरी आल्यावर तू अंथरुणात बसून सगळ्यांना शेवट सांगायला लागलीस. "ती उठनी, पदर सावरा, कोपरामाधला तांब्या लिधा, आन दाक्तरले म्हने, तू दमी गया भाऊ, पानी पे." मी म्हटलं, माय, त्या दाक्तरच्या तळघरात तांब्या नव्हता. शेठाणी तर चिडलीच, तू पाहिलाच नाहीस तर सांगतेस काय, "थे तो देख्यो ई कोनी!" तू शांतपणे म्हणालीस, "तुम्ही बसीसन दखं, मी निजीसन दखं." तुला स्वतःला तहान लागलेली, तुला पाणी मिळत नव्हतं, आणि तुझ्या भुलीत तू पाणी पाजलंस ते दाक्तरला. याचं मी काय करायचं, मला कळत नाही. पुढच्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा तीच शेठाणी तिच्या नव्या सुनेला सांगत होती, शेवटी बाई उठून डागदरला पाणी देते. मी ओट्यावर बसून ऐकत होते. तिला खोटं पाडावं असं वाटलं आणि लक्षात आलं की मला तरी काय आठवतं? मलाही तांब्याच आठवत होता.

त्यानंतर तू पुष्कळ वर्षं जगलीस. शेवटी नुसत्या तापात गेलीस, भूल नाही, सुरी नाही. मी तांब्या घेऊन उशाशी होते. दोन घोट घेतलेस आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालीस. दमलीस का म्हणालीस असं मला वाटतं. आबांना वाटलं, तू देवाचं नाव घेतलंस. आता आबाही नाहीत, विचारायचं कुणाला.

हे पत्र तुला पोचलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. मलाच शेजारी बसून वाचावं लागलं असतं, खाकरत, पाट्यावाल्यासारखं. तू मध्येच थांबवून विचारलं असतंस, आते काय व्हयनं ते सांग. तर ऐक. आज दुपारी मी घरात कुणाला न सांगता जत्रेत गेले आणि संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढलं. म्हटलं, एकदाचा शेवट बघून टाकू. फीत आता तरी कुणी नीट जोडली असेल. तंबूच्या कनातीपाशी उभी राहिले. आत दिवा मालवला, पेटी वाजायला लागली, आणि मला त्या बाईचा चेहरा आठवून बघावासा वाटला. आठवला तो तुझा, माय. कपाळावरचं गोंदण, नाकातली फुली, सगळं तुझं. टेबलावर तूच आहेस, चादर बाजूला करून तूच उठते आहेस, आणि पडद्यावर तर कुणीतरी दुसरीच बाई असणार. ती उठेल किंवा उठणार नाही. दोन्हींत तू राहणार नाहीस.

तिकीट मुठीत धरून मी परत आले. घरी लेकीने विचारलं, कुठे होतीस, शिनेमाला का? मी म्हटलं, गेले होते, पण गर्दी फार, जागाच मिळाली नाही. गर्दी नव्हती, माय. बायकांच्या बाजूला एकही बाई नव्हती.