चिक्कसंगीचा उतार

१० सप्टेंबर १९७४
एकदाचा हिरेसंगीला पोचलो. अक्कलकोटहून येणारी एसटी फाट्यावर सोडते, पुढे दोन कोस पायी. माझी ट्रंक न्यायला सिद्धप्पा आला होता. शाळा त्याच्याच पडवीत भरते आणि माझी खोलीही त्याच्याच घरात. त्याच्या बायकोने, दानम्माने, आल्या आल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. गावी, वैरागला, सगळ्यांनी कानडी मुलुखाची भीती घातली होती. पण दानम्मा अर्धं कानडी, अर्धं मराठी असं काही बोलते की सगळं कळतं. मला 'तम्मा' म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मग मीही तिला अक्का म्हणू लागलो. मला सख्खी बहीण नाही. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर
शिक्षण खात्याचं पत्र आलं. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावाचा चार पानी इतिहास पाठवायचा. माझ्या वाट्याला दोन गावं : हिरेसंगी आणि ओढ्यापलीकडची चिक्कसंगी. तलाठ्याच्या कागदावर चिक्कसंगीपुढे एकच शब्द आहे, 'बेचिराग'. दिवा लावायलाही माणूस नाही असं गाव. हिरेसंगीची माहिती भराभर मिळाली. चिक्कसंगीचं विचारलं की माणसं धोतर झटकून उठतात. सिद्धप्पा म्हणाला, "तितं काय न्हाय, मास्तर. हितलंच लिवा की."

१५ सप्टेंबर, रविवार
जेवून उताराने, म्हणजे ओढ्याच्या उथळ जागेतून, पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याएवढं. पुढे ओढा, मागे नदी, मधल्या बेचक्यात पांढऱ्या मातीचे ढिगारे; हीच चिक्कसंगी. बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. नाव सावित्रम्मा. कुठल्या ढिगाऱ्याच्या जागी कुणाचं दार होतं, हे तिने बोटाने दाखवलं. चाळीस घरं! मानमोडीच्या तापात सगळी गेली म्हणाली. बोलताना फार खोकत होती. मला तहान लागली तर तिच्या चंबूतलं पाणी दिलं. सहा पानं भरली. खुशीत परतलो.

१६ सप्टेंबर
जेवताना हे सांगितलं तर सिद्धप्पाच्या हातातला घास हातातच राहिला. सावित्रम्मा तिथल्या गौडाची, म्हणजे पाटलाची, बायको. छप्पन्न वर्षांपूर्वी त्याच तापात गेली.
मग त्याने सगळं सांगितलं. ताप आधी चिक्कसंगीत आला. नदीला पूर होता, निघायला वाट ही एकच. माणसं उतारावर येऊन दाणे मागत होती, निदान पोरं तरी घ्या म्हणत होती. हिरेसंगीने अकरा दिवस गोफणी घेऊन उतार अडवला. सगळ्यांत पुढे सिद्धप्पाचा बाप. बाराव्या दिवशी पलीकडून कुणी आलंच नाही. हिरेसंगीत एकही माणूस दगावला नाही.
"म्हून आमी हाय," सिद्धप्पा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

१७ सप्टेंबर
मला कणकण. खोकला. अक्का दिवसभर उशाशी बसून होती. काढा दिला, कपाळ दाबलं. नको म्हटलं तरी ऐकेना.

१९ सप्टेंबर
मी उठलो. अक्का पडली. नाकातून रक्त येतं आणि ओठ निळे पडलेत. कंपाउंडर आला, दारातूनच बघून गेला. सिद्धप्पा माझ्याकडे बघत नाही. शाळेत आज एकही पोर नाही.
ते पाणी मी प्यायलो. हे घरात मी आणलं.

२१ सप्टेंबर
म्हातारी खरी असेल तर तिला या तापावर काही विचारावं, म्हणून भर दुपारी पलीकडे गेलो. कट्ट्यावर कुणी नाही. धुळीत रविवारची माझीच पावलं. बसल्याची खूणही माझ्या एकट्याची.
मग एका ढिगाऱ्याखालून खोकला आला. मग दुसऱ्याखालून. मग सगळ्यांखालून.
पळत उतारावर आलो. समोरच्या काठावर गाव उभं होतं. हातात गोफणी. पुढे सिद्धप्पा. अक्काला एकदा बघू द्या म्हणून ओरडलो. तो रडत होता. "मास्तर, तितंच ऱ्हावा!" पहिला दगड पाण्यात पडला. दुसरा खांद्यावर.

२२ सप्टेंबर
मागे नदी फुगली आहे. निघायला वाट नाही. ताप परत चढला. देवळात पडून आहे. खोकला आता ढिगाऱ्यांतून येत नाही — कट्ट्याजवळून येतो. शेजारची फरशी उबदार लागते. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.
ते वाईट वागत नाहीत. पांघरूण घातलं कुणीतरी.

२३ — दुपार
पलीकडे घंटा. प्रेत बसवून नेतात ते विमान निघालं. झेंडूच्या माळा, आत बसवलेली बाई. हिरवं इरकल — अक्का. माझी अक्का.
आणि उतारातून चालत येतेय तीच. तेच इरकल. काठ भिजलेला नाही.

जवळ बसली. हात गार आहे. सिद्धप्पाला ती दिसली असावी — विमान सोडून धावत पाण्यात शिरलाय. तिला हाका मारतोय. खोकतोय.
मागे सगळे उठून उभे राहिले. मी वळून बघत नाही.
माझ्या मुठीत दगड कुणी ठेवला?
अक्का मनगट धरून म्हणते, मारू नको. मला नाही मारायचा. उजव्याने लिहितोय, म्हणजे तो हात तरी — पण डावा वर जातोय, अक्काच्यानं आवरत नाही, सिद्धप्पा कमरेएवढ्या पाण्यात, अजून पुढे येतोय, त्याला सांगा कुणीतरी की परत —