धाब्यावरची वीज

मळ्यातून, ता. एरंडोल
१६ एप्रिल १९९३

चि. शालिग्रामास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेवंताचा गुडघा उतारावर आहे हे वाचून बरं वाटलं. तिला जिने कमी चढू दे. इकडे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं. म्हैस आटली. माझी तब्येत उत्तम आहे, चौकशी नको.

आता कामाचं. आखाजीच्या सणाला तू मुराळी म्हणून न्यायला येणार आणि या वेळी मला कायमची तुझ्या वीज केंद्राच्या कॉलनीत नेणार, असं आपलं ठरलं होतं. म्हणजे तू ठरवलंस. मी एवढंच म्हटलं होतं की, तू बसवलेला सोलरचा दिवा नीट चालला तर मी मळ्यातच राहीन. नाही चालला तर घराला कुलूप लावून निघेन. मागच्या पत्रात मी कळवलं की दिवा मंदावला आहे, लावला की थोड्या वेळात विझतो. त्यावर ‘मी सांगत नव्हतो का’ असं तू एकदाही लिहिलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर लिहिलं असतं.

शब्द दिला होता, म्हणून भांडी बांधायला काढली. पाटा-वरवंटा शेजारच्या मळ्यातल्या भिकुबाईला द्यायचं कबूल केलं. ती रडली, पण पाटा कुठे ठेवायचा ती जागाही लगेच सांगून टाकली.

परवा दुपारी सोलरची प्लेट सोडवून खाली घ्यावी म्हणून धाब्यावर, घराच्या सपाट माथ्यावर गेले. बघते तर प्लेटवर ओलं धोतर पसरलेलं आणि त्यावर ज्वारीचे बिबडे ओळीने थापलेले! माझ्या धाब्याला पक्का जिना आहे म्हणून आसपासच्या सगळ्या बायका उन्हाळ्यात इथेच वाळवण घालतात. मीच ‘घाला’ म्हणते. मी सकाळी शेतात गेले की भिकुबाई चढायची आणि दिवेलागणीच्या आधी सगळं आवरून उतरायची.

तिला हाक मारली. ती शांतपणे म्हणाली, “अक्का, काच शे ती. माटी लागत नही. बठ्ठा बिबडा पटकन वाळतस.”

“अगं, ती काच ऊन खाते, तेव्हा माझ्या घरात उजेड पडतो!”

“माले काय माहीत? मंग आमना बिबडास्नी तुमना उजेड खादा म्हना!”

आणि हसायला लागली. मी रागावून बघितलं, मग मलाही आवरेना. धोतर काढलं, काच पुसली. काल दिवा झोपेपर्यंत लख्ख होता. पाटा माझ्याकडेच राहिला.

तेव्हा मी मळा सोडत नाही. तू म्हणशील, एका ट्यूबपुरती वीज म्हणजे खेळणं. विहिरीची मोटार, कारखाने, रेल्वे यांना केंद्रच लागतं. मान्य आहे. माझी प्लेट पाण्याचा थेंब वर चढवणार नाही. पण इतकी वर्षं मी तुझ्याशी जो वाद घालत आले, की कोळसा कुठला कुठून आणायचा, तारा अख्खा मुलूख ओलांडून न्यायच्या आणि वाटेत अर्धी वीज गमवायची, तो वाद मी पुस्तकं वाचून घालत होते असं तुला वाटलं असेल. तसं मी भासवलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला ते सोपं जातं.

तुझे दाजी पावसात मोटारीच्या स्टार्टरच्या खोक्यापाशी पडले ते उठले नाहीत, तेव्हा पहिली धावत मी गेले. ते तुला ठाऊक आहे. चूक कुणाची नव्हती. खोका भिजला होता, हात ओला होता. त्यानंतर मी मळ्यातली लाइन तोडायला लावली आणि सगळ्यांना सांगितलं की डिझेल इंजिन परवडतं. तुझ्या घरी आले की दिव्याचं बटण शेवंता दाबते, पंख्याचं तू दाबतोस. मी हात पदरात घेऊन बसते. तुम्ही नवरा-बायकोने कधी विचारलं नाही.

तू स्वतः वीज करणारा माणूस. रजा काढून, एस.टी.च्या टपावर ती प्लेट बांधून आलास. बॅटरी जोडलीस आणि तिच्या दोन्ही टोकांवर उघडे हात ठेवून मला म्हशीबद्दल विचारत राहिलास, ती दूध किती देते, पेंड कुठली घालते. हात काढलेच नाहीस. मला समजावलं असतंस तर मी तुला हाकलून दिलं असतं. तू गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मीही तसे हात ठेवले. काही झालं नाही.

याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते हे.

आखाजीला ये. लेकी माहेरी जातात तशी आठ दिवसांसाठी येईन, पापड-बिबडे घेऊन. पोचलो की घरात अंधार असू दे, शेवंतालाही सांगून ठेव. बटण मी दाबीन. तू फक्त शेजारी उभा राहा. बोलू नकोस.

तुझी,
वच्छलाअक्का